रोज पिंपळगावला ९११ घेऊन जावं का?

प्रश्न असा आहे. राहायला गंगापूर रोड, रोजचं काम पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसवर, महिन्यातून दोन-तीनदा मुंबई. घरी पत्नी, आठ आणि पाच वर्षांची दोन मुलं, आणि एक क्रेटा आहेच. मनात २०१७-१८ ची वापरलेली पोर्शे ९११ कॅरेरा आहे, नाहीतर फोर्ड मस्टँग जीटी. असली गाडी नाशिकमध्ये रोज चालवता येते का, ती सुरक्षित असते का, आणि 'पैसे मोजून काळ दाराशी आणतोयस' म्हणणाऱ्या नानांना काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंय.

अंबडच्या वर्कशॉपमध्ये मी अशाच गाड्यांची कामं करतो. द्राक्षवाले, बिल्डर, डॉक्टर, सगळ्यांच्या गाड्या लिफ्टवर खालून बघितल्या आहेत. त्यावरून सांगतो: गाडी रोज चालवता येते. आणि तिच्यातला धोका नाना समजतात त्या ठिकाणी, म्हणजे इंजिनात, नसतो. तो टायरमध्ये असतो आणि तुमच्या वेगात व शेजारच्याच्या वेगात जो फरक पडतो त्यात असतो.

आधी ताकदीचं बोलू. तुम्ही म्हणता ती ९११ म्हणजे तीन लिटरचं टर्बो इंजिन, ३७० हॉर्सपॉवर, ऑटोमॅटिक गिअरला शून्य ते शंभर साडेचार सेकंदांच्या आत. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, त्यामुळे साठ टक्क्यांहून जास्त वजन मागे. जुन्या काळी याच मांडणीमुळे वळणात घाबरून पेडल सोडलं की गाडीची मागची बाजू फिरायची. आता इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून गाडी रेषेत ठेवतं. अमेरिकेत ते २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ च्या अखेरीपासून सगळ्या नव्या कारना सक्तीचं आहे. म्हणजे तुम्ही बघताय त्या दोन्ही गाड्यांत ते आहे. त्याचं बटण बंद करून गाडी चालवू नका, रिकाम्या रस्त्यावरही नको. ब्रेक तर अशा गाडीचे क्रेटाच्या कितीतरी पुढे असतात. थांबणं आणि वळणं या दोन गोष्टींत ही गाडी रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांपेक्षा सुरक्षित आहे, हे नानांना खुशाल सांगा.

आता दुसरी बाजू. तुमचा रोजचा रस्ता मी जाणतो. जत्रा चौक ओलांडला की आडगाव, दहावा मैल, ओझर, मग पिंपळगावचा टोल. जानेवारी ते एप्रिल द्राक्षांच्या क्रेटच्या पिकअप, पावसाळ्याच्या शेवटी टोमॅटोच्या गाड्यांची मार्केटबाहेरची रांग, वर्षभर कांद्याचे ट्रॅक्टर. सर्व्हिस रोडने न जाता महामार्गावरच उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल. संध्याकाळी सातनंतर मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशी ट्रॉली. ती ताशी पंचवीसने चाललेली असते. तुम्ही १२० ने येत असाल तर सेकंदाला सव्वीस मीटरने तिच्या जवळ जाता. शंभर मीटरवर दिसली तर चार सेकंदांच्या आत तुम्ही तिच्याजवळ असता.

हिशेब मांडून दाखवतो, कारण ग्राहकांना मी तो कागदावर काढून देतो. माणसाला धोका ओळखून पाय ब्रेकवर नेईपर्यंत दीड सेकंद धरा. चांगले टायर, कोरडा रस्ता, तगडे ब्रेक. ८० च्या वेगाला गाडी एकूण साठेक मीटरमध्ये थांबते. १२० ला ११० ते ११५ मीटर. १६० ला १८० मीटरच्या आसपास. वेग दुप्पट झाला की नुसतं ब्रेकचं अंतर चौपट होतं, ते पोर्शेलाही चुकत नाही. क्रेटामध्ये १६० ला पोचायला वेळ लागतो आणि गाडी आवाज करून, थरथरून तुम्हाला सांगत राहते. ९११ मध्ये १६० हे ९० सारखं वाटतं. स्पोर्ट्स कारमधला खरा फसवा भाग हाच आहे, गाडी तुम्हाला घाबरवत नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी वेगाच्या इशाऱ्याचा आकडा लावून देतो: शहरात ६०, हायवेला १००, समृद्धीला १२०. समृद्धीवर सपाट भागात कायद्याची मर्यादाही १२० च आहे. तो इशारा वाजला की पाय उचलायचा, एवढी सवय पहिल्या महिन्यात लागली तर पुढे टिकते.

ही गाडी जमिनीपासून जेमतेम १.३ मीटर उंच आहे. ट्रकच्या केबिनमधून शेजारची ९११ आरशात दिसत नाही. कसारा घाटात ट्रकच्या डाव्या दाराशी कधीही रेंगाळू नका, मागे तरी राहा नाहीतर पूर्ण पुढे तरी जा. आणि ट्रकच्या मागे भरपूर अंतर ठेवा. नीट उंचीवर धडक झाली तर तुमच्या गाडीचा सांगाडा उत्तम काम करतो, पण ट्रकच्या मागचा लोखंडी अडथळा मोडलेला किंवा वर उचललेला असेल तर बुटकं बॉनेट त्याच्याखाली शिरतं आणि धडक थेट काचेवर येते.

टायरबद्दल मी लांबण लावणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या देखण्या, कमी चाललेल्या, गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाड्यांचे सगळ्यांत धोकादायक भाग टायरच असतात. गाडी वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालते, नक्षी नव्यासारखी दिसते, मालक म्हणतो टायर नवेच आहेत. मग मी बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे दाखवतो. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१७ असेल तर टायर २०१७ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. रबर न चालवताही म्हातारं होतं, कडक होतं, रस्ता धरत नाही. अभिनेता पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ ला पोर्शे कॅरेरा जीटीच्या अपघातात गेला, तो चालकाशेजारी बसला होता. तपासात दोन गोष्टी पुढे आल्या: मर्यादेच्या दुप्पट वेग आणि नऊ वर्षांचे जुने टायर. त्या गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोलही नव्हतं. मी सहा वर्षांवरचा टायर हायवेला जाऊ देत नाही, नक्षी कितीही शिल्लक असो. वापरलेली गाडी घेताना चार नव्या टायरचे पैसे किमतीत धरूनच बोलणी करा.

नवे घेताना पोर्शेने मान्य केलेला, एन अक्षर आणि आकडा कोरलेला टायर घ्या. पुढे २३५/४०, मागे २९५/३५, दोन्ही १९ इंची. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; दुसरा म्हणजे बाजूची भिंत रुंदीच्या किती टक्के ते. हे माप नाशिकमध्ये सहसा तयार मिळत नाही, मागवावं लागतं. म्हणून 'तोपर्यंत दुसरा कुठलातरी लावू' असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका. एका अ‍ॅक्सलवर दोन वेगळ्या बनावटीचे टायर लावले की ओल्या रस्त्यावर एक बाजू आधी सुटते.

हवेबद्दल आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय, उन्हाळ्यात समृद्धीला जाताना हवा कमी भरायची म्हणजे टायर फुटत नाही. हे उलटं आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, दुमडण्यातून उष्णता तयार होते, तासाभराने आतले थर सुटतात आणि मग टायर फुटतो. काँक्रीट तापलेलं असतं हे खरं, पण टायरला मारते ती त्याची स्वतःची उष्णता. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पुढचा आणि मागचा आकडा वेगळा लिहिलेला असतो. सकाळी, गाडी न चालवता, तेवढीच हवा भरा. ३३ भरली आणि इगतपुरीहून निघून तास-दीड तासाने पडद्यावर ३८ दिसली तर घाबरून सोडू नका, ती वाढ धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो.

पाऊस हा याचाच पुढचा भाग. रुंद टायर पाणी नीट कापत नाही, आणि ९११ ची पुढची बाजू हलकी आहे. रस्त्यावर पाण्याचा थर साचलेला असेल आणि टायर घासलेला असेल तर ताशी ९५-१०० च्या आसपास तो रस्ता सोडून पाण्यावर तरंगायला लागू शकतो. त्या क्षणी स्टॅबिलिटी कंट्रोलही काही करू शकत नाही, कारण ब्रेक लावायला चाकाखाली रस्ताच नसतो. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी चालते. मी जून ते सप्टेंबर तीनच्या खाली चालवू देत नाही. २०१९ नंतरच्या ९११ मध्ये चाकांच्या कमानीत ओल्या रस्त्याचा आवाज ओळखणारे सेन्सर आणि वेगळा वेट मोड आला. तुम्ही बघताय त्या मॉडेलमध्ये तो नाही. तेव्हा घोटी ते कसारा धो धो पाऊस असेल तर ७० ने जायचं, आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्याला पुढे जाऊ द्यायचं. ट्रॅकसाठीचे अर्धे गुळगुळीत टायर कोणी स्वस्तात देत असेल तर नाशिकच्या पावसाळ्यासाठी अजिबात घेऊ नका.

घाट उतरताना स्टिअरिंगमागच्या डाव्या पॅडलने गिअर खाली घ्या, नुसत्या ब्रेकवर उतरू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि तापलं की उकळतं, मग पेडल जमिनीपर्यंत जातं. गाडी कितीही कमी चाललेली असो, दर दोन वर्षांनी ते बदलायचं. सिरॅमिक ब्रेकची गाडी शोधू नका. तुमच्या वापराला लोखंडी डिस्क उत्तम आणि बदलताना खिशाला परवडते.

सुरक्षिततेच्या ताऱ्यांबद्दलही विचारलंय. ९११ ला युरो एनकॅपचे, म्हणजे गाड्या धडकवून तपासणाऱ्या युरोपातल्या संस्थेचे, तारे नाहीत. कमी खपाच्या महागड्या गाड्या ते सहसा घेत नाहीत, म्हणून तारे नसणं हे गाडी कमकुवत असण्याचं लक्षण नाही. मस्टँगची मात्र चाचणी झाली आहे आणि ती तुमच्या कामाची आहे. जानेवारी २०१७ मध्ये तिला पाचपैकी दोनच तारे मिळाले. पुढच्या एअरबॅग पुरेशा फुगल्या नाहीत, आणि मागच्या पट्ट्यांना धडकेच्या क्षणी आवळणारी आणि छातीवरचा दाब मर्यादित ठेवणारी यंत्रणा नव्हती. सुधारणा करून त्याच वर्षी जुलैमध्ये तीन तारे झाले. भारतात ती २०१६ पासून विकली गेली, म्हणजे बाजारातल्या वापरलेल्या मस्टँगमध्ये जुन्या रचनेच्याही असणार. डिकी चारशे लिटरची, सीट ऐसपैस, खालची उंची १३७ मिलिमीटर. हे सगळं ९११ पेक्षा सोयीचं आहे. पण तुमची मुलं मागे बसणार आहेत. मला निवडायला सांगाल तर मुलांच्या बाबतीत मस्टँगला मी नाही म्हणेन.

९११ च्या मागच्या दोन सीट लहान मुलांपुरत्याच आहेत. आठ आणि पाच वर्षांच्या मुलांना बूस्टर, म्हणजे पट्टा नीट बसावा म्हणून उंची वाढवणारं आसन, लागतोच. तुमचेच बूस्टर घेऊन जा, गाडीत ठेवा, मुलांना बसवा, पट्टा खांद्यावरून जातो की मानेवरून ते डोळ्यांनी बघा. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सुरक्षित आसन नसेल तर मोटार वाहन कायद्यात हजार रुपये दंड आहे, पण दंडासाठी हे करायचं नाही. मला विचाराल तर चौघांनी जायचं असेल तेव्हा क्रेटा काढा. ९११ तुमच्या एकट्याच्या पिंपळगाव फेरीची आणि दोघांच्या मुंबईची गाडी आहे.

आणि नानांच्या मनात जे आहे ते बहुतेक पुण्याचं आहे. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलगा चालवत असलेल्या पोर्शेखाली मोटारसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. आत बसलेल्यांना वाचवायला अशा गाडीत सगळं काही आहे, बाहेरच्या माणसाला वाचवायला फक्त तुमचा पाय आहे. नानांची भीती मी खोटी ठरवणार नाही. ती भीती ऐकून घरात दोन गोष्टी ठरवा. किल्ली तुमच्याशिवाय कोणाच्या हातात जाणार नाही, पुतण्या, भाचा, ड्रायव्हर, लग्नाच्या हॉलवरचा पार्किंगवाला, कोणाच्याच नाही. आणि एक घोटही घेतला असेल तर गाडी जागची हलणार नाही, मग तुम्ही सावरगावच्या वायनरीतून येत असा की कोणाच्या फार्महाऊसवरून. अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, असं कलम १९९अ सांगतं.

आता रोजच्या सोयीचं. इथे लोक भलत्याच गोष्टीला घाबरतात. स्पीडब्रेकरपेक्षा सोसायटीच्या तळघरात उतरणारा रॅम्प जास्त त्रास देतो. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा, तसा असेल तर ९११ आरामात जाते, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं तिचं अंतर २४५० मिलिमीटरच आहे. गल्लीत रातोरात टाकलेला डांबराचा उंचवटा असेल तर गाडी तिरकी घ्या, एकेक चाक चढवा, ब्रेक दाबून ठेवलेला नको कारण ब्रेकवर नाक खाली जातं. पुढचं नाक चाळीसेक मिलिमीटर उचलणारी यंत्रणा असलेली गाडी मिळाली तर लाखभर जास्त द्या. ती ऐनवेळी नंतर बसवणं कठीण आणि महाग जातं.

खड्ड्याचं गणित सोपं आहे. स्विफ्टच्या १८५/६५ टायरची रबरी भिंत १२० मिलिमीटर असते, तुमच्या पुढच्या चाकाची ९४. वीस इंची रिम घेतलीत तर आणखी कमी. फोटोत मोठी रिम छान दिसते, पण सिंहस्थाच्या कामांमुळे शहरभर रस्ते उकरलेले असताना एकोणीस इंचीच बरी. स्टेपनी नसते. सीलंटची बाटली आणि छोटा कंप्रेसर असतो, तो खिळ्याच्या पंक्चरला चालतो, भिंत फाटली तर नाही. म्हणून विम्यासोबत सपाट ट्रकवर गाडी उचलणारी सेवा घ्या. दोरी बांधून ओढू द्यायची नाही. झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे भागांचा घसारा न कापणारं संरक्षण, आणि इंजिनचं व टायरचं वेगळं संरक्षणही घ्या. अंडरपासमध्ये पाणी साचलं असेल तर गाडी घालायचीच नाही. पाणी शिरून इंजिन अडकलं तर साध्या विम्यात कंपन्या तो खर्च बहुधा नाकारतात.

द्वारका चौकाच्या जॅममध्ये हळूहळू सरकत राहू नका. पुढच्याला दोन गाड्यांची जागा सोडू द्या, मग एकदा पुढे जाऊन पूर्ण थांबा. अर्धवट पायाने इंच-इंच सरकवलं की क्लच तापतो. पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर असतात; त्यात वाळकी पानं आणि धूळ गच्च बसते, ओल धरते आणि कंडेन्सर सडतो. द्राक्षाच्या पट्ट्यातून रोज जाणाऱ्या गाडीचा तो भाग मी वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, उघडून साफ करतो. एसी थंड करत नाही म्हणून आलेल्या निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात.

बॅटरीबद्दल एक. पंधरा दिवस बाहेरगावी जाणार असाल तर चार्जर लावून जा. ९११ ची डिकी पुढे असते, बॅटरीही पुढेच, आणि डिकी विजेवर उघडते. बॅटरी मेली की तिच्याकडे पोचायचा दरवाजाच उघडत नाही. फ्यूज बॉक्सजवळून बाहेरचा करंट देऊन ती उघडता येते, पण हे माहीत नसलेला माणूस लॉक तोडून ठेवतो. ही डिकी १४५ लिटरची आहे, दोन केबिन बॅगा आणि एक पिशवी एवढी जागा. मुंबईचा एक मुक्काम त्यात होतो.

गाडी बघायला जाल तेव्हा टायरचे आकडे, ब्रेक डिस्कची कड आणि पेंटची जाडी तपासाच. गालिचा उचलून वायरिंगच्या कनेक्टरवर चिखलाची रेघ किंवा हिरवट गंज दिसतो का तेही बघा. मुंबई आणि चेन्नईच्या पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरवर विकल्या जातात. पासिंग दुसऱ्या राज्याचं असेल तर एमएच-१५ करताना महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागेल, तो आकडा आधी काढा. पोर्शेच्या कॉम्प्युटरमध्ये इंजिन मर्यादेबाहेर कितीदा फिरवलं याची नोंद सहा टप्प्यांत साठलेली असते. तो रिपोर्ट कंपनीच्या मशिनवर समोर बसून काढून घ्या, वरच्या टप्प्यांत नोंद असेल तर ती गाडी सोडा, आणि विकणारा रिपोर्ट काढायला टाळाटाळ करत असेल तर टोकन देऊ नका.